फॉरमॅट झालेली सकाळ

लेन्सच्या झूम-रिंगवर ३५ आणि ५५ या दोन आकड्यांच्या मधे रक्ताचा एक वाळलेला थेंब होता. मोहरीच्या दाण्याएवढा. कडेला काळपट, मधे बारीक तडे गेलेला. सोनमने तो नखाने खरवडला नाही. तिने फक्त कॅमेरा उन्हाकडे वळवला आणि पुन्हा पाहिलं.

"अगं, किती वेळ बघणार?" आकाश कंटाळून म्हणाला. "अपघात झाला म्हणजे रक्त येणारच!"

"येणारच. पण इथे कसं येईल?" सोनम म्हणाली. "दादा बाईक चालवताना कॅमेरा बॅगेत ठेवतो. नेहमी. आणि ही बघ बॅग. एक ओरखडा नाही. मग बॅगेतल्या कॅमेऱ्याची स्क्रीन फुटली कशी? त्यात चिखल गेला कसा? आणि रक्त?"

घणसोली गावातल्या चाळीच्या गच्चीवर चौघं बसली होती. सुट्टीचे दिवस. सोनम आणि धनेश आठवीतून नववीत गेले होते, आकाश त्यांच्याहून एक वर्षाने लहान. आकाशचा धाकटा भाऊ पार्थ दहा वर्षांचा होता, पण "साडेदहा!" असं तो सगळ्यांना बजावून सांगायचा. आकाश आणि पार्थ समोरच्या नव्या टॉवरमध्ये राहायचे. सोनम चाळीतल्या भाड्याच्या खोलीत. आणि ती चाळ होती धनेशच्या आजीची, सुमित्राबाईंची.

सोनमचा मोठा भाऊ सौरभ बाबासोंच्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ काढायचा. बारा दिवसांपूर्वी तो पहाटे खाडीवर फ्लेमिंगोंचे शॉट घ्यायला गेला आणि परत आला तो थेट हॉस्पिटलात. जबडा तारेने बांधलेला, डोक्याला टाके. त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कदाचित कधीच आठवणार नाही.

"पण आमच्या रोहिदासकाकानेच उचललं ना त्याला," धनेश म्हणाला. "बंधाऱ्यावर बाईक घसरली म्हणून. स्वतःच्या गाडीत घालून नेलं. सीटवर रक्त लागलं तरी काय बोलला नाही."

सोनमने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "धनेश, तुला राग येईल. पण आईने दादाची पाठ पुसली तेव्हा मी तिथे होते. तीन वळ आहेत. लांब, सरळ, एकमेकांना समांतर. रस्त्यावर घसरल्यावर कातडं सोलतं. असे वळ उठत नाहीत."

पार्थने हळूच विचारलं, "म्हणजे मारलं?"

"पाइपने, नाहीतर काठीने."

"मग काकू तक्रार का नाही करत?"

"रोज म्हणते, बघू. तो बरा होऊ दे, मग बघू. काल म्हणाली, कोणी मारलं ते माहीत नाही, आणि समजा कळलं, तरी आपण राहतो कुणाच्या खोलीत?" सोनमने धनेशकडे पाहिलं नाही. "आणि जे कोणी होते, ते परत येणार नाहीत कशावरून? दादाला परवा घरी सोडणार आहेत."

धनेशने तिच्या हातातून कॅमेरा घेतला. खालचं झाकण उघडलं. बॅटरी होती. तिच्या शेजारची फट रिकामी होती.

"कार्ड कुठाय?"

कॅमेरा सापडला होता शेवंताबाईंना. त्या तिवरांच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायच्या. सौरभला गाडीत घालून नेल्यावर त्यांना तो चिखलात रुतलेला दिसला, वर स्टुडिओचा स्टिकर होता, म्हणून टोपलीत घालून त्यांनी तो बाबासोंना नेऊन दिला होता. आणि बाबासोंनी आज सकाळी तो सोनमला परत दिला होता. "भंगार झालाय. आठवण म्हणून ठेवा."

सोनमने लगेच बाबासोंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आधी बेंजोचा आवाज आला, मग बाबासोंचा. ते सांगलीकडचे, त्यामुळे आवाज बेंजोच्याही वर.

"कार्ड? आगं, माझ्याच कॅमेऱ्यात हाय की! घालून बघितलं तर एरर दाखवाय लागलं. मारला फॉरमॅट! आता झकास चालतंय!"

सोनमचा चेहरा उतरला. "काका, फॉरमॅट केल्यावर त्यावर काही शूट केलंत का?"

"आत्ताच तर लावलंय! हितं हळद चाललीया. मंडपाचं घेतलं, पाव्हण्यांचं घेतलं, आता नवरदेवाला हळद लावाय लागल्यात. ठेव फोन!"

"काका, थांबवा! रेकॉर्डिंग थांबवा!"

फोन बंद झाला होता.

"गेलं," आकाश म्हणाला. "फॉरमॅट म्हणजे सगळं साफ."

"नाही!" सोनम उठून उभी राहिली होती. "तुमच्या सोसायटीच्या गेटवर नावांचा बोर्ड आहे ना? तो काढून टाकला तर माणसं घरं सोडून जातात का?"

"नाही."

"फॉरमॅट म्हणजे तेवढंच. बोर्ड काढला. माणसं आत आहेत. पण कॅमेऱ्याला वाटतं, सगळ्या खोल्या रिकाम्या. तो पहिल्या खोलीपासून नवीन भाडेकरू भरत सुटतो. आणि नवीन आला की जुना गेला, कायमचा! दादाने आधी फ्लेमिंगो घेतले असणार. त्याला मारलं ते शेवटी. म्हणजे ते कार्डावर मागच्या खोल्यांत आहे. बाबासोकाका शूट करत करत तिकडेच चाललेत."

"मग बसलोय काय?" धनेश ओरडला. "पळा!"

*

हळद शेजारच्याच आळीत होती. गल्लीभर मंडप, त्यात पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते. पाटावर बसलेला नवरदेव हळदीने ओळखू येत नव्हता, आणि त्याच्या बाजूला बसलेली धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती. हळद नुसती नवरदेवाला लागत नव्हती. सापडेल त्याला धरून लोक फासत होते, आणि ज्याला फासली तो पुढच्याला फासायला धावत होता.

बाबासो स्टुलावर उभे होते. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालू होता.

"काका, ते कार्ड द्या ना!" सोनम खालून ओरडली. "त्याच्यात दादाचं शूटिंग आहे!"

"खुळी का काय तू? धंद्याच्या टायमाला कार्ड काढू? हळद काय परत लावत्यात व्हय? बाजूला हो, फ्रेममध्ये आलीस!"

लाल दिवा तसाच. सोनमला तो बघवेना. एकेक सेकंद म्हणजे एकेक खोली.

"माझ्याकडे दुसरं कार्ड आहे," आकाश कुजबुजला. "ड्रोनमधलं. पण ते म्हातारं ऐकणार नाही."

धनेशने मंडपाकडे पाहिलं, मग बाबासोंकडे. आणि तो चक्क हसला. "ऐकायची गरजच नाय. आमच्या हळदीत पाहुण्याला कोरडा ठेवतात का?"

त्याने परातीत दोन्ही हात घातले, कोपरापर्यंत. पार्थनेही घातले. पुढच्याच क्षणी दोघं स्टुलावर चढले होते.

"बाबासोकाका, हळद लागली!"

"आरं! आरं, लेन्स! लेन्सला लागली! मेलो!"

बायका टाळ्या वाजवून हसल्या. दोन आजीबाई आणखी हळद घेऊन पुढे आल्या. बाबासोंच्या डोळ्यांत, मिशांत, कानांत हळद गेली. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि कॅमेरा आंधळ्यासारखा पुढे धरला.

"धरा रं कोनीतरी! पुसा ती लेन्स!"

"धरते, काका!" सोनमने तो धरला, पाठ वळवली, झाकण उघडलं, कार्ड दाबलं. ते टक् करून बाहेर आलं. आकाशचं आत. झाकण बंद. लेन्स पुसून तिने कॅमेरा परत दिला. कार्ड मुठीत होतं. मूठ हळदीने माखलेली होती.

तिथेच सगळं संपलं असतं. पण बाबासोंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि ते ओरडले. नेमका त्याच क्षणी बेंजो थांबला होता.

"आरं, ह्यात माझी हळद दिसत न्हाई! ते सौरभच्या फुटक्या कॅमेऱ्यातलं कार्ड कुठं गेलं?"

मंडपाच्या टोकाला खुर्चीत बसलेला एक माणूस उठला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. धनेशचा रोहिदासकाका. तो बाबासोंकडे बघत नव्हता. तो सोनमच्या मुठीकडे बघत होता.

धनेशने ते पाहिलं. एवढा वेळ त्याला जे मानायचं नव्हतं, ते त्याला तिथे, त्या नजरेत दिसलं.

"सोनम," तो हळूच म्हणाला, "जा."

*

मंडपामागे जेवणाचे टोप होते. तिघं त्यांच्यामधून निसटली. धनेश मागे थांबला.

"काय घेतलं तिनं?" रोहिदासने त्याची कॉलर धरली. "बोल!"

"हळद."

थप्पड एवढ्या जोरात बसली की धनेशचं डोकं टोपाच्या कडेवर आपटलं. भुवईवरचं कातडं फाटलं, डोळ्यात रक्त उतरलं. आचारी मधे पडला. "शेठ, पोरगं हाय!" रोहिदासने त्याला एका हाताने ढकललं. तो सांडलेल्या रश्श्यात बसला आणि किंचाळला.

"घरातलं पोरगं आनि भाडोत्र्यांच्या बाजूनं?" रोहिदासने धनेशला पुन्हा उचललं. "कुठं नेतायत ते कार्ड?"

धनेशने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रोहिदासचा हात सुटला. धनेश परातीवरून उडी मारून गल्लीत पळाला.

पुढे सोनम, आकाश आणि पार्थ टॉवरच्या दिशेने धावत होते. त्यांच्या मागे बाईकचा आवाज आला. रोहिदासचा डंपर चालवणारा माणूस होता तो, हातात लोखंडी पाइप आडवा धरलेला. गावठाणातली गल्ली तर अशी, की दोन माणसं समोरासमोर आली तरी एकाने दारात चढावं. बाईकला वाट द्यायला जागाच नव्हती. पाइप भिंतीला घासत ठिणग्या काढत येत होता.

"पार्थ, पळ!"

पण पार्थ थांबला होता. किराणा दुकानासमोर सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट रचले होते. त्याने सगळं अंग टाकून सर्वांत खालच्या क्रेटला धक्का दिला. क्रेट हलले नाहीत. त्याने पुन्हा दिला. मग सगळी चळत एकदम कोसळली आणि गल्लीभर काचा उडाल्या.

बाईक घसरली. माणूस उडाला, भिंतीवर आदळला आणि काचांवर पडला. पाइप घरंगळत पार्थच्या पायाशी आला. माणूस गुडघा धरून विव्हळत होता. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं.

पार्थ पांढराफटक पडला. "मी... मी त्याला मारलं?"

"तो तुला मारायला आला होता!" आकाशने त्याचा दंड धरला. "रड नंतर! आधी पळ!"

*

आकाशचे आईबाबा कामावर गेले होते. चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरून त्यांनी बाहेरचा जाळीचा दरवाजा लावला, आतला लावला, कड्या घातल्या. थोड्या वेळाने बेल वाजली. धनेश होता. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा लाल.

"टाके पडतील तुला," सोनम म्हणाली आणि टॉवेल त्याच्या भुवईवर दाबला.

"पडू देत. कार्ड?"

तिने मूठ उघडली. कार्ड हळदीत बुडालेलं होतं. तिने आधी त्याच्या कडेवरची बारीक कळ 'लॉक'कडे सरकवली. "आता यावर कोणीच काही लिहू शकणार नाही. चुकूनसुद्धा." मग ओल्या कपड्याने नव्हे, कोरड्या रुमालाने हळद टिपली. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर पिवळा थर राहिलाच. पार्थने दप्तरातून खोडरबर आणून दिलं. सोनमने एकेक पट्टी हलक्या हाताने घासली, धूळ फुंकरीने नाही तर ब्रशने झटकली.

"फुंकर मारली तर काय होतं?" पार्थने विचारलं.

"थुंकी उडते. थुंकीत क्षार असतात."

"ई!"

"आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल करायची," आकाशच्या बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसत ती म्हणाली. "सगळ्या खोल्या, भरलेल्या, रिकाम्या, सगळ्या. मग शोधायचं ते नकलेत. दादा म्हणतो, मूळ कार्डाला एकदाच हात लावायचा."

स्क्रीनवर नकलेची पट्टी हळूहळू भरू लागली. तेवढ्यात भिंतीवरच्या इंटरकॉमवर अक्षरं आली : 'पाहुणे आले आहेत. रोहिदास शेठ. आत सोडू?'

"नाही! डिनाय! डिनाय!" आकाशने बटण तीनदा दाबलं.

खिडकीतून खाली गेट दिसत होतं. रोहिदासच्या गाडीने आडवा दांडा तोडला. वॉचमन धावत पुढे आला, तेव्हा रोहिदासने त्याला छातीवर लाथ मारली. तो पाठीवर पडला आणि उठेना.

आकाशने ११२ फिरवला. बोलताना त्याचा आवाज फाटत होता, पण पत्ता त्याने नीट सांगितला. सोनमने आईला फोन केला. धनेशनेही फोन काढला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि मग लावला.

"आजी, मी धनेश. फोन ठेवू नकोस. मी काय बोलत नाय. तू फक्त ऐक."

नक्कल पूर्ण झाली. आता शोध. स्क्रीनवर एकेक नाव उगवू लागलं. पहिल्या काही फाइलींच्या जागी हळद होती. मग एक फ्लेमिंगोंची क्लिप उघडली, पूर्ण, धडधाकट. खाडीच्या उथळ पाण्यात गुलाबी पाय, मागे तिवरं, मागे कोवळं ऊन. मग आणखी एक. सौरभचं खोकणंसुद्धा ऐकू आलं.

"दादा," सोनम पुटपुटली.

शेवटची फाइल सर्वांत मोठी होती. तिने ती उघडली. स्क्रीनवर आलं : 'ही फाइल उघडता येत नाही.'

आणि दारावर पहिला घाव बसला.

"उघडा!"

पार्थ दचकून खुर्चीवरून पडला. दारामागून धातूवर धातू आदळल्याचा आवाज आला. आकाशने पीपहोलला डोळा लावला. "लॉबीतलं आग विझवायचं नळकांडं! त्याने जाळीच्या कडीवर मारतोय!"

"सोनम, काय झालं? उघडत का नाय?" धनेश ओरडला.

"कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी स्वतःसाठी खूण लिहितो, कुठे काय आहे त्याची. थांबवायच्या आधीच तो फोडला. ती खूण नाहीच." तिने माउस पुन्हा हातात घेतला. "चित्रं आहेत. क्रम लावायला नमुना हवा. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप."

"फ्लेमिंगो!" पार्थ खालूनच ओरडला.

सोनमने त्याच्याकडे पाहिलं. "फ्लेमिंगो," ती म्हणाली.

तिने दुरुस्तीच्या प्रोग्रॅमला दोन्ही फाइली दिल्या, एक मोडकी आणि एक धडधाकट. बाहेर जाळीची कडी तुटली. आता घाव लाकडी दारावर बसू लागले.

"धन्या! तुजा बाप पन असा नडला नव्हता मना! उघड, नायतर त्या पोराचा केला तसा एकेकाचा जबडा काढीन!"

धनेशच्या हातात फोन होता. त्याने तो दाराजवळ नेला. त्याच्या बोटांवर रक्त वाळलं होतं.

"आजी," तो म्हणाला, "ऐकलंस?"

त्याने स्पीकर चालू केला. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "रोहिदास."

घाव थांबले.

"आये?"

"दारापासून बाजूला हो."

मग घाव पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा वेगाने, आधीपेक्षा वेड्यासारखे. दाराची चौकट भिंतीपासून सुटू लागली. पांढरा चुना फरशीवर पडला. आकाश आणि धनेशने सोफा ढकलत नेला, टेबल नेलं, स्वतःची पाठ लावली. प्रत्येक घावाला दोघं पुढे फेकले जात आणि पुन्हा मागे रेटत.

"सोनम!"

स्क्रीनवर चित्र आलं.

आधी फ्लेमिंगो. मग कॅमेरा झटक्याने वळला. बंधाऱ्यावर एक डंपर मागे येत होता. त्यातून तुटलेल्या भिंती, लाद्या, सळया तिवरांवर कोसळल्या. पक्षी एकदम उडाले. सौरभचा आवाज आला, "ओ शेठ! इथे टाकायला बंदी आहे! खाडी आहे ही!"

"पार्थ, भिंतीकडे तोंड कर," सोनम म्हणाली. "कानावर हात ठेव."

रोहिदास चालत कॅमेऱ्याकडे आला. "शूटिंग करतोस? खाडी काय तुज्या बापाची हाय?" पाइप वर गेला. चित्र गरगरलं आणि आडवं झालं. कॅमेरा चिखलात पडला होता, पण चालू होता. आता फक्त पाय दिसत होते. रोहिदासचे बूट. सौरभचे गुडघे. मग सौरभचा हात, चिखलात बोटं रुतवून पुढे सरकणारा.

पाइपचा आवाज येत होता. एक. मग दुसरा. मग इतके, की सोनमला कळेना, कुठला आवाज स्क्रीनमधला आणि कुठला दाराचा. दोन्ही एकाच माणसाचे होते.

"नको! शेठ, नको! डिलीट करतो!" सौरभ म्हणाला. मग त्याला बोलता आलं नाही. मग एक बूट कॅमेऱ्यावर आला. चित्र संपलं.

सोनमने ओठ इतका चावला होता की रक्ताची चव तोंडात आली. तिने फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, मेलवर टाकली, आकाशच्या बाबांना पाठवली, आणि मगच खुर्ची सोडली. ती दाराशी गेली आणि पोरांच्या मधे पाठ लावून उभी राहिली.

"पोहोचलं!" ती दारातून ओरडली. "तुमचा व्हिडिओ पोहोचला! आता कार्ड चावून खा, काही होणार नाही!"

दाराची वरची फळी फुटली. फटीतून एक हात आत आला आणि त्याने सोनमचे केस पकडले. तिचं डोकं लाकडावर आपटलं. पार्थने कानावरचे हात काढले, कॉम्प्युटरशेजारचा जड टेबललॅम्प उचलला आणि त्या हातावर जीव खाऊन हाणला. हात किंचाळत मागे गेला.

त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं. धावती पावलं. "हात वर! खाली बस! खाली!"

मग झटापट, शिव्या, आणि नळकांडं फरशीवर पडून घरंगळत गेल्याचा आवाज. मग शांतता.

"पोरांनो," एका बाईचा आवाज आला, "पोलीस आहोत. सावकाश उघडा."

*

दार उघडायला दोन हवालदारांना मदत करावी लागली. उपनिरीक्षक मॅडमनी आत येऊन आधी चौघांकडे पाहिलं. हळद, रक्त, चुना. मग स्क्रीनकडे.

"हे कार्ड फॉरमॅट झालेलं होतं म्हणता?"

"हो," सोनम म्हणाली. "पण पुसलेलं नव्हतं."

मॅडमनी क्लिप पूर्ण पाहिली, उभ्यानेच. संपल्यावर त्यांनी कार्ड कागदी पाकिटात घातलं, बाहेर वेळ लिहिली आणि सह्या घेतल्या. "हे कार्ड आमच्यापर्यंत यायलाच आठवडे लागले असते. आणि तोवर त्यावर सगळी हळद शूट झाली असती." त्या धनेशकडे वळल्या. आजीला लावलेला त्याचा फोन अजून चालूच होता. "आजीला सगळं ऐकवत होतास तू? फोन चालू ठेवायचं कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाय," धनेश म्हणाला.

"चांगलं डोकं आहे. टाके घालून घे."

तेवढ्यात सोनमच्या आई, शर्मिला, आल्या. कंपनीचा निळा गणवेश तसाच, डोक्यावरची जाळीची टोपीसुद्धा काढायची राहिलेली. त्यांनी सोनमला जवळ घेतलं, तिच्या कपाळावरचं टेंगूळ चाचपलं आणि काही न बोलता स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या.

"आई, तू नको बघूस," सोनम म्हणाली.

"लाव," शर्मिला म्हणाल्या.

क्लिप सुरू असताना सुमित्राबाई दारात येऊन थांबल्या. नऊवारीला हळदीचे डाग. बाहेर लॉबीत त्यांच्या मुलाला बेड्या घातलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. आता त्यांनी तेही पाहिलं, शेवटपर्यंत. पाइपचा प्रत्येक आवाज आला की त्यांचा हात चौकटीवर घट्ट व्हायचा.

मग त्या धनेशजवळ गेल्या, पदराने त्याच्या भुवईवरचं रक्त टिपलं. "बरोबर केलंस, पोरा," त्या म्हणाल्या. "तुमी चौघांनी पन बरोबर केलं. मीच एवढी वर्सं डंपर जाताना बगत होते, आनि दार लावून घेत होते."

त्या शर्मिलांकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला.

"शर्मिला, तुला हात जोडते. तो माजा पोर हाय. हितं दार फोडलं, त्याचं व्हायचं ते होऊ दे. पन सौरभचं घरातल्या घरात मिटवू. दवाखान्याचं मी बघीन. खोली तुजी. माजा जीव हाय तवर कोन काडनार नाय तुला. लिवून देते."

धनेशने मान खाली घातली. त्याला काय व्हावंसं वाटत होतं, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. सोनम आईकडे बघत होती. आई आता काय म्हणेल, ते तिला पाठ होतं. बघू. तो बरा होऊ दे, मग बघू.

मॅडमनी वही काढली नाही. त्या थांबल्या. "बाई," त्या शर्मिलांना म्हणाल्या, "तुमच्यावर जबरदस्ती नाही. पण मुलाला झालेल्या मारहाणीची फिर्याद कुणीतरी द्यावी लागते. तुम्हाला वेळ हवा असेल तर..."

शर्मिलांनी डोक्यावरची जाळीची टोपी काढली. घडी घालून खिशात ठेवली. सुमित्राबाईंचे जोडलेले हात त्यांनी आपल्या हातांत घेतले आणि हळूच खाली केले.

"आजी, तुमच्यावर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "पण लेकरू माझं चिखलात हात टेकून सरकत होतं, अन् मी बारा दिवस बघू म्हणत होते."

मग त्या मॅडमकडे वळल्या.

"साहेब, लिहून घ्या. फिर्याद मी देते."